जवळच्या गावाची जबाबदारी
(यहुदी परंपरेतील जीवनमूल्य आणि आपले बेने इस्राएल)



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संतवाङ्मयावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र आज यहुदी परंपरेतील एका विचाराकडे वळणार आहे आणि त्याला कारण मराठीच आहे. पवारांच्या घोड्यांमागोमाग अठराव्या शतकात आपले पूर्वज धार-देवासला आले आणि परमुलखात त्यांनी मराठी जपली. त्याच्या कितीतरी आधी कोकणकिनाऱ्यावर स्थिरावलेल्या एका लहानशा समाजाने मराठी ही आपलीच भाषा मानली. तो समाज म्हणजे बेने इस्राएल. तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. केहिमकर, दिवेकर, अष्टमकर ही त्यांची आडनावे कोकणातल्या गावांवरूनच पडली. वल्हांडणाच्या रात्री वाचायची 'हगादा' त्यांनी १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या धर्मकथांवर त्यांनी मराठी कीर्तनेही रचली. अशा या आपल्या माणसांच्या धर्मात मनुष्यजीवनाचे मोल कसे मांडले आहे, हे पाहणे म्हणजे घरातलीच एक न उघडलेली पेटी उघडण्यासारखे आहे.

'मिश्ना' हा यहुदी विधिग्रंथ इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झाला. देहदंडाच्या खटल्यात साक्ष देणाऱ्यांना न्यायाधीशांनी कोणती ताकीद द्यावी, याचे त्यात विवेचन आहे. त्याचा आशय असा : ईश्वराने आरंभी एकच मनुष्य निर्माण केला. म्हणून जो एक जीव नष्ट करतो तो जणू सारे जग नष्ट करतो आणि जो एक जीव वाचवतो तो जणू सारे जग वाचवतो. एकाच आदिपुरुषाची संतती असल्याने आपला बाप दुसऱ्याच्या बापाहून थोर, असे म्हणण्याची कोणाला सोय उरत नाही. पुढील काळातील काही प्रतींत 'इस्राएलातील एक जीव' असा संकुचित पाठ आढळतो. जुन्या हस्तलिखितांत ही मर्यादा नाही. पाठचिकित्सेत आयुष्य घालवलेल्या माणसाला या एका शब्दाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. त्या शब्दाने करुणेला कुंपण पडते.

हे मोल केवळ शब्दांत राहिले नाही, याला इतिहास साक्षी आहे. इसवी सनापूर्वी १६७ च्या सुमारास ग्रीक राजवटीविरुद्धच्या संघर्षात, शब्बाथच्या दिवशी शस्त्र धरायचे नाही म्हणून सुमारे हजार यहुदी स्त्रीपुरुष व मुले प्रतिकार न करता मारली गेली. त्यानंतर मत्तथ्या आणि त्याच्या साथीदारांनी शब्बाथच्या दिवशीही स्वसंरक्षण करण्याचा निर्णय घेतला. पुढे धर्मपंडितांनी नियमच केला, की जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडणे हे कर्तव्य होय. ज्या शनिवारी घाणा थांबतो, त्याच शनिवारी आजाऱ्यासाठी चूल पेटवावी लागते. व्रत मोठे खरे, परंतु जीव त्याहून मोठा.

आज मला विशेषेकरून सांगायचे आहे ते एका जुन्या विधीविषयी. तोरेच्या पाचव्या ग्रंथात असे विधान आहे, की रानात एखादा अनोळखी मनुष्य मारलेला आढळला आणि मारेकरी सापडला नाही, तर वडीलधाऱ्यांनी येऊन प्रेतापासून सभोवारच्या गावांपर्यंतचे अंतर मोजावे. जे गाव सर्वांत जवळ ठरेल, तेथील वडीलधाऱ्यांनी ओढ्याकाठी कालवडीचा विधी करून हात धुवावेत आणि हे रक्त आमच्या हातांनी सांडलेले नाही, असे जाहीर करावे. मिश्नाकारांनी येथे एक मार्मिक प्रश्न विचारला आहे. गावच्या वृद्धांनी खून केला असेल, असे कोणाच्या मनात तरी येईल काय? मग हे बोलायचे कशाला? त्यांचेच उत्तर असे, की वृद्धांना म्हणायचे असते ते निराळे : हा मनुष्य आमच्याकडे आला आणि आम्ही त्याला शिदोरी न देता पाठवले, असे झालेले नाही, आम्ही त्याला पाहिले आणि सोबत न देता वाटेला लावले, असे झालेले नाही. म्हणजे खुनाच्या आरोपातून सुटका पुरेशी नाही. पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवले होते काय, याचाही जाब द्यायचा आहे.

हे प्रथम वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. तरुणपणी एका पावसाळी रात्री मी धारहून इंदूरमार्गे देवासला येत होतो. बसच्या उजेडात रस्त्याकडेला पडलेला एक मनुष्य आम्ही कित्येकांनी पाहिला. कोणी म्हणाले, दारू प्यालेला असेल. कोणी म्हणाले, पोलिसांचे झंझट नको. बस थांबली नाही आणि थांबवा असे मीही म्हटले नाही. तो कोण होता, जगला की गेला, मला आजतागायत ठाऊक नाही. त्याला कोणी मारले असेल तर तो मी नव्हे, एवढे म्हणून मी अनेक वर्षे हात धूत होतो. त्या रात्री सर्वांत जवळचे गाव म्हणजे आमची बस होती, हे मला मिश्नेने शिकवले.

आता बेने इस्राएलांकडे परत येऊ. मुंबईतील 'शआर हारहमीम', म्हणजे दयेचे द्वार, हे सभास्थान १७९६ मध्ये समाजी हसाजी दिवेकर यांनी बांधले. त्यांना सॅम्युएल इझिकेल दिवेकर म्हणूनही ओळखतात. कंपनी सरकारच्या फौजेतील हे अधिकारी टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले होते. परंपरा सांगते, की बेने इस्राएलांचा उल्लेख कुराणात आहे, म्हणून टिपूच्या आईने रदबदली केली आणि त्यांचे प्राण वाचले. परधर्मीय स्त्रीने वाचवलेल्या जिवाची कृतज्ञता त्या नावात या समाजाने जपली आहे.

घेतलेले ऋण या समाजाने फेडलेही. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत आपल्या समाजाच्या मुलांसाठी शाळा सुरू केली. तिलाच पुढे सर एली कदूरी यांचे नाव मिळाले. १८९० मध्ये जन्मलेल्या डॉ. जेरुशा झिराड यांनी १९१९ मध्ये लंडनची एम.डी. पदवी मिळवली आणि १९२८ ते १९४७ या काळात कामा रुग्णालयाची धुरा वाहिली. मुंबई शहरात बाळंतपणात स्त्रिया कशाने मरतात, याचा त्यांनी केलेल्या तपासाचा अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी असे मरण दैवावर घालून लोक मोकळे होत. ही स्त्री वेळेवर रुग्णालयात का पोचली नाही, तिला कोणी पाठवले नाही, असे विचारणे म्हणजे प्रेतापासून गावापर्यंतचे अंतर मोजण्याचाच प्रकार होय. अहवालात त्या कालवडीचे नाव नसेल, पण प्रश्न तोच आहे.

१९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. जाताना त्यांनी मराठी बरोबर नेली. आपल्यापाशी त्यांनी काय ठेवले, याचा विचार आपण करायचा आहे.

माजी विद्यार्थ्यांनो, या शाळेने आपणा सर्वांना कधीकाळी वेशीपर्यंत पोचवले आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो, त्यांच्यासारख्या शिक्षकांनी शिदोरी बांधून दिली, म्हणूनच आपण आपापल्या वाटेला लागलो. आपल्या दारावरूनही कोणी ना कोणी जातच असतो : परगावचा मजूर, शिकायला आलेले आदिवासी मूल, एकटी राहिलेली वृद्धा. त्यांच्या बाबतीत पुढे काही विपरीत घडले, तर दोरी घेऊन अंतर मोजायला कोणी येणार नाही. मिश्नाच सांगते, की खून फार वाढले तेव्हा तो विधीही बंद पडला. म्हणून ते अंतर ज्याचे त्यानेच मोजायचे आहे, आणि ते बस पुढे निघून जाण्याच्या आत.