उजरत आणि घड्याळ

मागच्या ईदला माझा एक जुना विद्यार्थी नांदगाव खंडेश्वरला घरी आला होता. पुण्यात मोटारसायकलवरून घरोघरी पार्सल पोचवतो. शिरखुर्मा झाल्यावर त्याने मोबाइल पुढे केला. "सर, हे इंग्रजी एकदा वाचून सांगा." तो कंपनीचा करारनामा होता. त्यात लिहिलं होतं की तू आमचा नोकर नाहीस, स्वतंत्र कंत्राटदार आहेस. कधी आणि किती काम करायचं ते तूच ठरवायचं. पोरगा रोज १३-१४ तास रस्त्यावर असतो. गोदामासमोर पार्सलची वाट बघण्यात जो वेळ जातो, त्याचे पैसे नाहीत. त्याने विचारलं, "मग ओव्हरटाइम मागायचा कुणाला?"

त्या दिवशी मला नीट सांगता आलं नाही. आता सांगतो. उत्तर जुनं आहे आणि त्यातलं बरंचसं आपल्या विदर्भातच घडलेलं आहे.

उर्दूच्या वर्गात मी मुलांना दोन शब्दांमधला फरक शिकवतो. तनख्वाह म्हणजे महिन्याचा पगार. उजरत म्हणजे केलेल्या कामाची मजुरी. तनख्वाह घेणाऱ्याचा वेळ मोजला जातो, उजरत घेणाऱ्याचा फक्त माल मोजला जातो. कामाच्या तासांचा सगळा इतिहास या फरकात अडकलेला आहे.

सुरुवात आपल्या कापसापासून करू. फॅक्टरीचा पहिला कायदा १८८१ साली झाला. १०० किंवा जास्त माणसं असलेला आणि वर्षातून निदान चार महिने चालणारा कारखानाच त्यात 'फॅक्टरी' धरला गेला. तासांची मर्यादाही फक्त लहान मुलांना होती. कापसाच्या जिनिंगचा हंगाम अनेकदा चार महिन्यांत आटोपतो, म्हणजे अशी जिनिंग सरळ कायद्याच्या बाहेर. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र केलं आणि १८९० मध्ये आठवड्याची सुट्टी मिळवली. हंगामी जिनिंग मात्र १९११ च्या कायद्यापर्यंत बाहेरच राहिल्या. १९०८ च्या आयोगाला काही जिनिंगमध्ये माणसं १७-१८ तास राबताना आढळली होती. १९११ मध्येही पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा आली ती कापड गिरण्यांपुरती, आणि जिनिंगमधल्या बायकांना रात्रपाळीला लावायची मुभा राहिली.

गंमत बघा. वऱ्हाडात कापसाच्या आणि धान्याच्या बाजारांसाठी १८९७ सालीच कायदा झाला होता. कापूस कसा विकला जातो यावर सरकारची नजर होती. तो कापूस रेचणाऱ्या माणसाचे तास मोजायला मात्र कुणी नव्हतं.

दुसरा किस्सा बिडीचा. माझी नानी कामठीची. ती घरी बिड्या वळायची आणि हजाराच्या हिशेबाने पैसे घ्यायची. पण बिडी वळण्याआधी पान भिजवावं लागतं, पत्र्याच्या फर्म्यावर ठेवून कात्रीने कापावं लागतं. मग वळायचं, दोरा बांधायचा, कट्टे करायचे, ठेकेदाराकडे नेऊन द्यायचे. तिथे बसून राहायचं. खराब म्हणून काही बिड्या बाजूला काढल्या जायच्या, त्यांचे पैसे नाही. पान कापण्याचा आणि ठेकेदाराच्या ओट्यावर बसण्याचा वेळ कुठल्याच वहीत लिहिला गेला नाही. याच कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी बिडी कामगारांची संघटना बांधली होती. १९३९ मध्ये ऐन पस्तिशीत ते वारले.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाने कायदा आला. दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास, त्यापुढे दुप्पट मजुरी. चांगला कायदा. पण तो 'कामगारा'साठी होता, आणि मालकांचं म्हणणं सुरू झालं की बिडीवाले आमचे कामगारच नाहीत.

हे भांडण सुप्रीम कोर्टात गेलं. १९५८ चा चिंतामण राव खटला मध्य प्रदेशातल्या सागरचा. कारखान्यातून तंबाखू नेऊन बिड्या तयार करून आणणारे सट्टेदार हे स्वतंत्र कंत्राटदार आहेत, कामगार नाहीत, असं कोर्टाने ठरवलं. माझ्या विद्यार्थ्याच्या करारनाम्यातला शब्द हाच!

१९६१ च्या निकालसंग्रहात बिरदीचंद शर्मा खटला आहे, तो आपल्या नागपूरच्या बिडी कारखान्याचा. तिथले लोक कारखान्यात बसून वळायचे, मजुरी नगावर, आणि कामाच्या वेळेत कधीही उठून जायला मोकळे. मालक म्हणाला, मग हे स्वतंत्र झाले. कोर्टाने पाहिलं की दुपारनंतर आलेल्याला काम मिळत नाही, आठ दिवस न सांगता गैरहजर राहणाऱ्याला काढता येतं, आणि खराब बिडी नाकारली जाते. म्हणजे ताबा मालकाचा आहे. ते कामगार ठरले, त्यांचा भरपगारी रजेचा हक्क मान्य झाला.

आनंद फार टिकला नाही. पाठोपाठ १९६२ च्या संग्रहात शंकर बालाजी वाजे खटला आला. बिडी वळणाराच, जवळपास तसंच काम. या वेळी बहुमताने सांगितलं की हा हवा तेव्हा येतो-जातो, सबब कामगार नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळा निकाल लिहिला, पण बहुमत ते बहुमत.

शेवटी संसदेला उतरावं लागलं. १९६६ च्या बिडी-सिगार कामगार कायद्याने घरी वळणाऱ्यांनाही कामगारांत धरलं. ९ तासांची मर्यादा आणि जादा कामाची दुप्पट मजुरी मात्र कारखान्याच्या आवारातल्या कामापुरतीच राहिली. नानी कायद्यात आली, तिचं घड्याळ बाहेरच राहिलं.

तरी एक चांगलं उदाहरण महाराष्ट्रानेच घालून दिलं. हमालाला एक मालक नसतो. सकाळी या दुकानाची गोणी, दुपारी त्या दुकानाची. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केलं आणि १९६९ मध्ये वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना माथाडी कायदा झाला. मालकांनीही नोंद करायची, हमालांनीही. मजुरी मंडळामार्फत द्यायची आणि मालकाने वर लेव्ही भरायची. 'याचा मालक कोण?' हा वाद घालत बसण्यापेक्षा, जो जो काम घेतो त्याने हिस्सा भरावा, असा साधा तोडगा.

मी हे तिऱ्हाईत म्हणून लिहीत नाही. बी.एड. झाल्यावर काही वर्षं मी तासिका तत्त्वावर शिकवलं. पैसे तासिकेचे. परिपाठ, पेपर तपासणी, स्नेहसंमेलन, निकालपत्रकं हे सगळं 'आपलं समजून' करायचं. मे महिन्यात तासिका नाही, म्हणजे पैसेही नाहीत. मीही घरी पान कापत होतो, फक्त माझं पान कागदाचं होतं. तोंड उघडलं नाही, कारण पुढच्या जूनमध्ये पुन्हा बोलावणं यायला हवं होतं. 'स्वतंत्र' माणसाची ही भीती नोकरदाराला कळत नाही.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आता 'गिग कामगार' हा शब्द आला आहे. विमा, निधी यांच्या योजनांची तरतूद आहे. पण त्याची व्याख्याच पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेर काम करणारा अशी आहे. तासांचा हिशेब त्यात मिळत नाही.

घाम वाळायच्या आत मजुरी द्या, ही शिकवण आपण जुम्याच्या बयानात किती वेळा ऐकतो. मजुरी वेळेवर दिली की आपलं समाधान होतं. पण घाम किती वेळ गाळला हे मोजलंच नाही, तर मजुरी पुरी दिली हे कशावरून?

म्हणून त्या पोराला मी परवा फोन करून दोन गोष्टी सांगितल्या. एक, रोज निघाल्याची, थांबल्याची, परतल्याची वेळ वहीत लिही. नानीकडे अशी वही नव्हती. दुसरी, पार्सल नाकारलं की तुझी आयडी बंद होते, उशीर झाला की पैसे कापतात, ते सगळं जपून ठेव आणि सोबतच्या पोरांनाही ठेवायला सांग. नागपूरच्या बिडीवाल्यांचा हक्क करारनाम्यातल्या शब्दांनी ठरला नव्हता. दुपारनंतर येणाऱ्याला काम न देण्याचा अधिकार कुणाच्या हातात आहे, यावरून ठरला होता.

तो म्हणाला, "सर, वही घेतो. पण लिहायला वेळ कधी काढू?"