मालभाड्याची भरती-ओहोटी आणि हानजिन नौवहन कंपनीचा अस्त

नौवहनाचा इतिहास बहुधा जहाजांचा, बंदरांचा आणि साहसी उद्योजकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. जहाज कोणाच्या मालकीचे होते, ते कोणत्या करारान्वये चालविले जात होते आणि बाजार पडल्यावर तोटा कोणी सोसला, हे प्रश्न हिशेबनिसांचे समजून बाजूस ठेवले जातात. वस्तुतः एखाद्या नौवहन कंपनीचा उत्कर्ष व अपकर्ष यांची उकल बव्हंशी या दुय्यम मानलेल्या प्रश्नांतच दडलेली असते. दक्षिण कोरियातील हानजिन नौवहन कंपनीचा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे. ही कंपनी ३१ ऑगस्ट २०१६ रोजी सोल येथील न्यायालयाच्या आश्रयास गेली, तेव्हा कंटेनर-वाहतुकीत तिचा जगात सातवा क्रमांक होता. त्यानंतर अवघ्या साडेपाच महिन्यांत, १७ फेब्रुवारी २०१७ रोजी, ती दिवाळखोर म्हणून घोषित झाली. मालभाडे कोसळल्यामुळे कंपनी बुडाली, असे सामान्यतः सांगितले जाते. हे विधान खोटे नाही. पण ते अपुरे आहे. त्याच पडत्या बाजारात त्याच देशातील ह्युंदाई मर्चंट मरीन ही दुसरी कंपनी व्यवसाय करीत होती आणि ती तगली. तेव्हा मंदी हे समान कारण सोडून भेदाचे कारण शोधणे प्राप्त होते.

१

२६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकी वाहतूक व्यावसायिकाचे 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले. कंटेनर-वाहतुकीचा आरंभ सामान्यतः या सफरीपासून धरतात. मालाची चढउतार यंत्राने व अत्यल्प वेळात होऊ लागल्याने बंदरातील खर्च विलक्षण घटला. तथापि या क्रांतीची दुसरी बाजू तितकीशी ध्यानात घेतली जात नाही. हमालीचा खर्च मालागणिक वाढत वा घटत असे. त्याची जागा आता जहाजे, कंटेनर, याऱ्या आणि धक्के यांत अडकलेल्या प्रचंड भांडवलाने घेतली. शिवाय कंटेनर-जहाज ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या दिवशी सुटते. वेळापत्रकाने धावणारी गाडी उतारू दोन असोत की पन्नास, सुटतेच. तसेच या जहाजाचे आहे. इंधन, खलाशांचे वेतन, जहाजाचे भाडे आणि बंदराचे शुल्क हा खर्च जहाज अर्धे रिकामे असले तरी चुकत नाही. त्यामुळे आणखी एक कंटेनर मिळविण्यासाठी कंपनी भाडे वाटेल तितके खाली आणण्यास तयार होते. सर्वच कंपन्या असे करू लागल्या, म्हणजे भाड्यास तळ उरत नाही.

याच्या जोडीस काळाचे अंतर येते. तेजीत मागणी केलेले जहाज दोन-तीन वर्षांनी पाण्यात उतरते, आणि तोवर तेजी ओसरलेली असण्याचा संभव असतो. म्हणजे मंदीच्या ऐन मध्यावर नवी जहाजे येऊन पडतात. भाड्याचे अस्थैर्य हा या व्यवसायातील अपघात नव्हे. तो त्याच्या रचनेचाच परिणाम होय.

२

हे अस्थैर्य आवरण्याचा जुना उपाय म्हणजे 'कॉन्फरन्स', अर्थात नौवहन कंपन्यांचा भाडेसंघ. १८७५ मध्ये कलकत्ता-ब्रिटन मार्गावर असा संघ स्थापन झाला आणि पुढे ही पद्धत जगभर पसरली. संघातील कंपन्या भाडे एकमताने ठरवीत आणि संघाशी एकनिष्ठ राहणाऱ्या व्यापाऱ्यास सूट देत. आतल्यांना ही व्यवस्था छत्रासारखी, तर बाहेरच्यांना तटबंदीसारखी भासे. १९१९ मध्ये मुंबईत वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी प्रभृतींनी स्थापन केलेल्या सिंदिया कंपनीस ब्रिटिश कंपन्यांच्या भाडेयुद्धास तोंड द्यावे लागले, तो अनुभव या तटबंदीचाच होता.

युरोपीय संघाने भाडेसंघांना दिलेली कायदेशीर सवलत १८ ऑक्टोबर २००८ पासून रद्द केली. युरोपच्या व्यापारमार्गांवर भाडे एकत्र ठरविण्याची सव्वाशे वर्षांची प्रथा अशा रीतीने संपली. आणि ती संपली तो क्षण जागतिक आर्थिक अरिष्टाचा होता. छत्र गेले आणि त्याच सुमारास पाऊस सुरू झाला.

३

हानजिन उद्योगसमूहाचे संस्थापक चो चुंग-हून यांनी १९४५ मध्ये इंचॉन येथे मालमोटारींच्या वाहतुकीपासून आरंभ केला. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याच्या मालवाहतुकीचे काम करून समूहाने भांडवल उभे केले, १९६९ मध्ये सरकारकडून कोरियन एअर ही विमानकंपनी घेतली आणि १९७७ मध्ये हानजिन कंटेनर लाइन्सची स्थापना केली. निर्यातीच्या बळावर उभ्या राहणाऱ्या देशास स्वतःची जहाजे हवीत, हे कोरियाच्या शासनाचेही धोरण होते. १९८८ मध्ये कोरिया शिपिंग कॉर्पोरेशन ही जुनी राष्ट्रीय कंपनी हानजिनमध्ये विलीन झाली. १९९७ मध्ये जर्मनीतील डी.एस.आर.-सेनेटर या कंपनीचे बहुसंख्य भाग घेऊन हानजिनने युरोपातही पाय रोवले.

त्याच वर्षी आशियाई आर्थिक संकट कोसळले. कोरियातील मोठ्या उद्योगसमूहांनी आपल्या कर्जाचे भांडवलाशी असलेले प्रमाण २०० टक्क्यांपर्यंत खाली आणावे, असा आग्रह शासनाने धरला. सर्वसाधारण कारखानदारीपुरता हा दंडक समंजस होता. पण जहाजे ही बव्हंशी कर्जावरच बांधली जातात. यास्तव कोरियातील नौवहन कंपन्यांना जहाजे विकून हे प्रमाण साधावे लागले, आणि व्यापार चालू ठेवण्यासाठी परकीय मालकांची जहाजे भाड्याने घ्यावी लागली. कर्ज ताळेबंदात स्पष्ट दिसते; दहा-बारा वर्षांच्या नौभाडेकरारातील देणे त्या काळच्या हिशेबपद्धतीत तसे दिसत नसे. कर्ज कमी झालेले दिसले, बांधिलकी मात्र कमी झाली नाही. उलट, स्वतःचे जहाज वेळप्रसंगी विकता तरी येते. भाड्याचे जहाज मुदत संपेतो सोडता येत नाही.

४

हानजिनच्या विनाशाचे बीज या ठिकाणी आढळते. २००८ पूर्वीच्या तेजीत आणि २०१० च्या अल्पकालीन उभारीत कंपनीने अनेक जहाजे चढ्या दराने, दीर्घ मुदतीने भाड्याने घेतली. चो सू-हो यांचे २००६ मध्ये निधन झाल्यावर कंपनीची सूत्रे त्यांच्या पत्नी छोए उन-यंग यांच्याकडे आली, आणि २०१४ मध्ये ती मूळ समूहाचे प्रमुख चो यांग-हो यांच्या हाती गेली. नेतृत्व बदलले, करार बदलले नाहीत.

दरम्यान मर्स्क या डॅनिश कंपनीने २०११ मध्ये अठरा हजार वीस-फुटी कंटेनर नेणाऱ्या जहाजांची मागणी नोंदविली. दर कंटेनरमागे खर्च कमी करण्याचा हा मार्ग इतरांनीही पत्करला आणि जहाजांतील जागा मालाहून कितीतरी वेगाने वाढली. ऑक्टोबर २००९ मध्ये १,००० धरलेला शांघायचा कंटेनर-भाडे निर्देशांक मार्च २०१६ मध्ये सुमारे ४०० वर आला. शांघायहून उत्तर युरोपास एक वीस-फुटी कंटेनर नेण्याचे भाडे तेव्हा अडीचशे डॉलरांच्याही खाली होते. ही रक्कम प्रवासाचा खर्च भरून काढण्यास पुरेशी नव्हती. हानजिनच्या निम्म्याहून अधिक कंटेनर-जहाजांचे भाडे मात्र जुन्या करारांप्रमाणे, तेजीच्या दराने चालू होते. उत्पन्न २०१६ चे आणि खर्च २००८ चा, अशी ही विपरीत स्थिती होती.

ह्युंदाई मर्चंट मरीनची स्थिती आरंभी याहून बरी नव्हती. तथापि २०१६ च्या पूर्वार्धात तिने जहाजमालकांशी वाटाघाटी करून भाड्यात सुमारे एक-पंचमांश कपात मिळविली, धनकोंनी आपल्या कर्जाचे भागभांडवलात रूपांतर केले आणि सरकारी मालकीची कोरिया डेव्हलपमेंट बँक तिची सर्वांत मोठी भागधारक झाली. हानजिनच्या वाटाघाटी रेंगाळल्या. मूळ समूहाने देऊ केलेली रक्कम धनकोंना अपुरी वाटली, आणि ३० ऑगस्ट रोजी त्यांनी अधिक साहाय्य नाकारले.

५

पुढे जे घडले त्याची पूर्वतयारी ना न्यायालयाची होती, ना शासनाची. सुमारे १४ अब्ज डॉलर किंमतीचा माल हानजिनच्या जहाजांवर होता. शुल्क बुडेल या भीतीने बंदरे आणि धक्केवाले रोख रकमेवाचून जहाज घेईनात; जहाज बंदरात शिरले, तर धनको ते जप्त करवितील, अशी कंपनीला धास्ती. परिणामी डझनावारी जहाजे किनाऱ्यापासून दूर नांगर टाकून राहिली आणि त्यांवरील खलाशी कोठे उतरावयाचे या आदेशाची वाट पाहत अडकून पडले. नाताळाच्या विक्रीसाठी अमेरिकेस निघालेला माल समुद्रातच अडकला. अमेरिकेतील न्यायालयाने जप्तीविरुद्ध तात्पुरते संरक्षण दिल्यावर काही जहाजे रिकामी होऊ शकली. मालवाहू कंपनीची पत हीच तिची खरी मालमत्ता असते. ती गेल्यावर पुनर्रचनेस हाती काही उरत नाही, हे या प्रसंगाने सिद्ध केले. पॅसिफिक मार्गावरील व्यवसाय एस.एम. समूहाने घेतला, लाँग बीच येथील धक्क्यातील भाग विकला गेला, आणि कोरियाने चाळीस वर्षांत जोडलेले ग्राहक मुख्यतः परदेशी कंपन्यांकडे गेले. बुसान बंदरातील व मागील उद्योगांतील अनेकांची उपजीविका त्याबरोबर गेली.

शासनाने यापासून बोध घेतला, पण उशिरा. जुलै २०१८ मध्ये कोरिया ओशन बिझनेस कॉर्पोरेशन ही संस्था नौवहनास साहाय्य करण्यासाठी स्थापन झाली, आणि ह्युंदाईस वीस महाकाय जहाजे बांधून घेण्यास पाठबळ मिळाले. त्यांपैकी पहिली जहाजे २०२० मध्ये पाण्यावर आली. सलग पाच वर्षे तोटा सोसणारी ही कंपनी, आता एच.एम.एम. या नावाने, महासाथीच्या काळातील अभूतपूर्व तेजीत सापडली. शांघायचा निर्देशांक जानेवारी २०२२ मध्ये ५,१०० वर गेला. २०२१ या एका वर्षात कंपनीस सुमारे ७.४ लाख कोटी वॉन इतका व्यवसायनफा झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तोच निर्देशांक पुन्हा १,००० च्या खाली उतरला.

६

या नफ्यावरून हानजिनला वाचविणेच योग्य ठरले असते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. २०१६ मध्ये धनकोंपुढे महासाथीची तेजी नव्हती. अनंत वाटणारी मंदी होती. पश्चात्-ज्ञानाने केलेला निवाडा हा इतिहास नव्हे. परंतु धनकोंचा दोष याहून वेगळ्या जागी आहे. दोन कंपन्यांपैकी एकीस बुडू द्यावयाचे ठरविताना ती सुरक्षितपणे कशी बुडेल, समुद्रावरील मालाचे व माणसांचे काय होईल, याचा विचार झाला नाही. कंपनी ही धनकोंचे देणे म्हणून पाहिली गेली. देशाच्या व्यापाराचे साधन म्हणून नव्हे.

मूळ कारण मात्र त्याहून जुने आहे. मालभाड्याची ओहोटी सर्वांवर येते. तिच्यात रुतते ते जहाज, ज्याने भरतीच्या पाण्याची खोली कायमची मानून मार्ग आखलेला असतो. हानजिनने तेजीतील दर करारांत बांधून घेतले, आणि १९९७ नंतरच्या धोरणाने तिला त्या मार्गावर ढकलले. कर्जाचा आकडा कमी करण्यासाठी योजलेला उपायच अधिक कठोर देण्यास कारण झाला. मंदीत कंपन्या मोडतात. पण त्या मोडण्याची अट बहुधा तेजीतच लिहिली जाते, आणि ती वाचावयास कोणास सवड नसते.