शाहू : एक नाव, तीन पुरुष

आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची आपल्याकडील चाल फार जुनी आहे. तिच्या योगाने पूर्वजांचे स्मरण घरात राहते, हे खरे; परंतु तिच्यामुळेच इतिहासात घोटाळेही होतात. औरंगजेबाच्या कैदेतून सुटलेल्या शाहू महाराजांनीच पुढे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढली, असे उत्तर आम्ही शाळेत असताना किती वेळा तपासले असेल, त्याची गणती नाही. यात मुलांचा दोष थोडा. शाहूपुरी साताऱ्यास आहे, तशी कोल्हापुरासही आहे. म्हणून या नावाच्या तीन छत्रपतींचा परिचय येथे करून देण्याचे योजिले आहे.

पहिले, साताऱ्याचे थोरले शाहू महाराज. छत्रपती संभाजी महाराज व येसूबाई यांच्या पोटी १६८२ साली त्यांचा जन्म झाला. आजोबांच्या नावावरून त्यांचे नाव शिवाजी असे ठेविले होते. १६८९ साली रायगड पडला व सात वर्षांचे हे बालक मोगलांच्या हाती सापडले. शाहू हे नाव त्यांना त्या कैदेत मिळाले. १७०७ साली सुटका झाल्यावर खेडच्या लढाईत त्यांनी ताराबाईंच्या फौजेवर जय मिळविला आणि १७०८ साली साताऱ्यास राज्याभिषेक करविला. आमच्या खटाव भागातील कृष्णराव खटावकर त्यांच्या विरोधात उठला, तेव्हा औंधच्या लढाईत श्रीपतराव प्रतिनिधींनी पराक्रम गाजविला आणि त्याबद्दल त्यांचे वडील परशुरामपंत कैदेतून मुक्त झाले. १७४९ साली महाराज निवर्तले. त्यांची समाधी संगम माहुलीस आहे.

दुसरे शाहू १७७७ साली साताऱ्याच्या गादीवर आले. हे वावीकर भोसल्यांच्या घरचे विठोजी; दत्तक आल्यावर शाहू झाले. सत्ता पेशव्यांच्या हाती होती आणि छत्रपती नावापुरते उरले होते. तरीही १७९८ साली त्यांनी साताऱ्यास उठाव केला. परशुरामभाऊ पटवर्धनांनी तो मोडला. १८०८ साली ते वारले. पहिल्या व तिसऱ्या शाहूंच्या तेजात यांचे नाव झाकले गेले आहे.

तिसरे, कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज. कागलकर घाटग्यांच्या घरात १८७४ साली जन्मलेले यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले व शाहू झाले. १८९४ साली त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या ज्ञातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघाली. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी शेकडा ५० जागा राखून ठेविल्या. ६ मे १९२२ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या तिघांपैकी जन्मतः शाहू कोणीच नव्हते. एकास ते नाव कैदेत मिळाले, दोघांस दत्तकविधानात. शिवाय ज्या कोल्हापूरच्या गादीचे थोरल्या शाहूंशी १७३१ च्या वारणेच्या तहापर्यंत वैर होते, त्याच गादीने दीडशे वर्षांनी त्यांचे नाव आपल्या दत्तक पुत्रास दिले. नाव वारशाने मिळते. कर्तृत्व ज्याचे त्यानेच करावे लागते.

हे राजघराण्यांचे झाले. आमच्या घरचीही गोष्ट सांगतो. आमच्या मळ्यातील विहिरीच्या दगडावर एका पूर्वजाचे नाव कोरलेले आहे, पित्याचे मात्र नाही. त्या नावाचे दोन पुरुष आमच्या कुळात होऊन गेले. एकाने विहीर बांधली, दुसऱ्याने ती गहाण टाकली. आम्ही लहानपणापासून दुसऱ्याच्याच तसबिरीस विहिरीबद्दल हार घालीत आलो. जुने गहाणखत हाती आले, तेव्हा चूक कळली. ज्याने घाम गाळला, त्याची तसबीर घरात नव्हतीच.

म्हणून ज्ञातिबांधवांस आमची विनंती आहे की, वंशावळ लिहिताना केवळ नाव लिहून थांबू नये. पित्याचे नाव, गाव व साल यांची जोड द्यावी. दत्तक असल्यास मूळ नाव व मूळ घरही नोंदवावे. वडीलधारी मंडळी हयात आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे. एकाचे श्रेय दुसऱ्यास देणे हा पूर्वजांवर अन्याय होय, आणि तो आपल्या हातून न घडावा, एवढेच आमचे मागणे आहे.