गड्ड्याची बडीशेप

जेवण झाले की आपण चिमूटभर बडीशेप तोंडात टाकतो. या दाण्याची ओळख कुणाला करून द्यायला नको. पण बडीशेपेचाच एक प्रकार असा आहे, की तो दाण्यासाठी नव्हे, तर बुंध्याशी धरणाऱ्या पांढऱ्या गड्ड्यासाठी लावतात. इटलीत त्याला ‘फिनोक्किओ’ म्हणतात. पाने शेपूसारखी, वास बडीशेपेचा. हा गड्डा म्हणजे कंद नव्हे. पानांचे देठ तळाशी जाड होऊन एकमेकांना बिलगतात, तोच हा गड्डा. तो कच्चा चिरून खातात, भाजून किंवा शिजवूनही खातात.

१८२४ साली या भाजीचे बी इटलीतून अमेरिकेत एका घरच्या बागेसाठी रवाना झाले. पाठवणारे होते लिव्होर्नो बंदरातील अमेरिकेचे वाणिज्यदूत थॉमस ॲपलटन, आणि घेणारे माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन. जेफर्सन तेव्हा ८१ वर्षांचे होते. व्हर्जिनियातील मॉन्टिचेलो या टेकडीवर त्यांचे घर होते. तिथे डोंगरउतार खणून, दगडी बांध घालून केलेली भाजीची बाग हजार फूट लांब होती. काय पेरले, केव्हा उगवले, केव्हा पानात आले, याच्या नोंदी जेफर्सन एका वहीत करीत. १७६६ साली सुरू झालेली ही वही १८२४ सालापर्यंत चालली.

बी पाकिटातून कुठेही जाते. गड्डा मात्र सहज धरत नाही. दिवस मोठा झाला, ऊन तापले किंवा पाण्यात खंड पडला, की हे झाड गड्डा धरायचे सोडून फुलोऱ्यावर जाते. म्हणून उन्हाळा उतरताना, दिवस लहान होऊ लागल्यावर बी पेरायचे. आपल्याकडे परसात किंवा गच्चीवर लावायचे, तर पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणे बरे. रोपे उपटून दुसरीकडे लावलेली त्याला मानवत नाहीत. जागच्या जागी पेरावे आणि विरळणी करून दोन रोपांत वीतभर अंतर ठेवावे. माती सतत ओलसर हवी. गड्डा अंड्याएवढा झाला की त्याला मातीची भर द्यावी, म्हणजे तो पांढरा आणि कोवळा राहतो. मोसंबीएवढा झाला की कापावा.

म्हणजे ही भाजी रोजची नजर आणि रोजचे हात मागते. मॉन्टिचेलोत हे हात कुणाचे होते? जेफर्सन यांची नोंदवही पुढे छापली गेली, अभ्यासली गेली. पण खणणे, पाणी घालणे, भर देणे ही कामे गुलामांची होती. त्यांच्यातला वर्मली ह्यूज हा मुख्य माळी. १७८१ साली जन्मलेला, लहानपणापासून मॉन्टिचेलोत राबलेला. जेफर्सन ४ जुलै १८२६ रोजी वारले, तेव्हा त्यांची कबर खणली ती वर्मलीनेच.

जेफर्सन यांच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. जानेवारी १८२७ मध्ये मॉन्टिचेलोतील सामानसुमान, गुरेढोरे आणि १३० गुलाम लिलावात निघाले. वर्मलीला घरच्यांनी मोकळे केले होते. पण त्याची बायको अर्सुला आणि मुले विक्रीला उभी राहिली. सर्व माणसे समान जन्माला येतात, असे १७७६ साली लिहून ठेवणाऱ्या माणसाच्या अंगणात हे घडले.

भाजीचा इतिहास लिहिताना बी कुणी पाठवले आणि कुणाला पाठवले, हे आपल्याला कळते, कारण पत्रे उरतात. मातीत बसून भर देणाऱ्याने पत्र लिहिलेले नसते. त्याचे नाव वेगळे शोधावे लागते. परसात कधी ही बडीशेप लावलीत आणि तिचा पहिला गड्डा हातात आला, तर ॲपलटन आणि जेफर्सन यांच्याबरोबर वर्मली ह्यूज हे नावही आठवावे.