हाड, बी आणि पोथी

उत्तर गुजरातेत, मेहसाणा जिल्ह्यातल्या लांघणजच्या वाळूच्या टेकाडात १९४४ साली माणसांचे सांगाडे सापडले. गारगोटीची बारीक हत्यारे त्याआधीच मिळू लागली होती. उत्खनन चालवणारे हसमुख धीरजलाल सांकलिया संस्कृत आणि प्राचीन इतिहासाच्या वाटेने आलेले. एम. ए.साठी त्यांनी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला होता आणि लंडनहून पीएच. डी. मिळवली ती गुजरातच्या पुरातत्त्वावर. शिलालेख, मंदिरे, मूर्ती यांची त्यांना उत्तम जाण होती. पण समोरच्या मातीत ना अक्षर होते ना मूर्ती. होती ती फक्त हाडे, आणि हाडे वाचायची विद्या वेगळी.

ती विद्या जाणणारी व्यक्ती त्याच मोहिमेत होती, आणि पुण्यातही सांकलियांच्याच डेक्कन कॉलेजात शिकवत होती. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी मानवी कवट्यांच्या असमानतेवर संशोधन केले. डाव्या-उजव्या बाजूंतला हा फरक वंशागणिक बदलतो, अशी फिशरांची धारणा होती. इरावतीबाईंनी मापे घेतली आणि तसा काही संबंध दिसत नाही, असे आपल्या प्रबंधात मांडले. मार्गदर्शकाच्या लाडक्या सिद्धान्ताविरुद्ध, तेही त्या काळच्या जर्मनीत, असा निष्कर्ष लिहायला धैर्य लागते. लांघणजच्या सांगाड्यांवर सांकलिया आणि इरावतीबाईंनी मिळून लिहिले. भारतातल्या प्रागैतिहासिक संशोधनाला तिथून जे वळण मिळाले, त्याची सुरुवात एका प्राध्यापकाने आपल्या शेजारच्या विभागाकडे मदत मागण्यातून झाली.

हा शेजार कसा जमला, याची कथा डेक्कन कॉलेजच्या पुनर्जन्मात आहे.

विश्रामबागवाड्यात १८२१ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांच्या दक्षिणा निधीतून संस्कृत पाठशाळा सुरू केली. तिचे पुढे पूना कॉलेज झाले आणि १८६४पासून ती डेक्कन कॉलेज म्हणून ओळखली जाऊ लागली. सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून येरवड्याला दगडी इमारत उभी राहिली आणि १८६८ साली कॉलेज तिथे गेले. टिळक आणि आगरकर तिथलेच विद्यार्थी. मुंबई सरकारने १९३४ साली खर्चाचे कारण सांगून ते बंद केले. माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत. त्यांनी सरकारशी झगडा मांडला, कायद्याचा आधार घेतला आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी संस्था पुन्हा उघडली. मात्र आता ती बी. ए.चे वर्ग भरवणारी राहिली नव्हती. नव्या रूपात ती पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन यांसाठीच होती.

हा बदल फार मोलाचा ठरला. मोठ्या कॉलेजात प्रत्येक विषयाला आपापली इमारत, आपापले वेळापत्रक आणि आपापल्या परीक्षा असतात. इथे एकाच आवारात मोजकी माणसे होती. प्राचीन इतिहासाला सांकलिया, समाजशास्त्र आणि मानवशास्त्राला इरावतीबाई, भाषाशास्त्राला सुमित्र मंगेश कत्रे, मराठ्यांच्या इतिहासाला त्र्यंबक शंकर शेजवलकर. प्रत्येक जण आपल्या विषयात मुरलेला, पण कोणाच्याच हाताशी मोठा विभाग नाही. एकमेकांकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हते.

त्याची फळे निरनिराळ्या झाडांवर लागली. इरावतीबाईंचा भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवरचा ग्रंथ १९५३ साली आला. त्यात गावोगाव फिरून जमवलेली कुटुंबांची माहिती आहे, संस्कृत ग्रंथांतले पुरावे आहेत आणि भाषागटांनुसार पाडलेले भारताचे विभागही आहेत. मामेबहिणीशी लग्न कुठे चालते आणि कुठे निषिद्ध, याचा नकाशा भाषांच्या नकाशाशेजारी ठेवून पाहण्याची कल्पना कत्र्यांसारखा भाषापंडित शेजारी असताना अधिक सहज सुचली असणार. कत्र्यांनी १९४८ साली संस्कृतचा ऐतिहासिक तत्त्वांवरचा महाकोश हाती घेतला. त्यासाठी वेदांपासून वैद्यक, गणित, शिल्पशास्त्रापर्यंत सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द टिपले गेले आणि चिठ्ठ्यांची संख्या कोटीच्या घरात गेली. एखादा शब्द वैद्यकात काय अर्थाने येतो आणि न्यायशास्त्रात काय अर्थाने, हे ठरवायला एकटा वैयाकरण पुरत नाही.

त्याच काळात पुण्याच्या दुसऱ्या टोकाला दामोदर धर्मानंद कोसंबी निरनिराळ्या विद्यांची अशी सांगड एकट्याने घालत होते. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारा हा गोमंतकीय माणूस तक्षशिलेला सापडलेल्या ठेव्यांतल्या आहत नाण्यांकडे वळला. हातोहात फिरताना नाणे झिजते, वजन घटते, आणि ही घट संख्याशास्त्राने मोजता येते, हे त्यांनी ओळखले. नाण्यांच्या वजनांवरून कोणती आधी पाडली आणि कोणती नंतर, याचा क्रम लावता येतो, असे त्यांनी दाखवले. पुण्याच्या टेकड्यांवर हिंडून सूक्ष्म दगडी हत्यारे गोळा करणारेही तेच आणि भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारेही तेच. अशी व्यक्ती विद्यापीठाच्या कोणत्याही एका विभागात मावत नाही. त्यांच्या विद्वत्तेचा वारसा पुस्तकांतून मिळाला, पण त्यांच्याभोवती विद्यार्थ्यांची शाळा उभी राहिली नाही, ही मोठी हानी म्हणावी लागेल. डेक्कन कॉलेजचे वेगळेपण नेमके इथे आहे. तिथे ही विद्या शिकवता आली, एका पिढीकडून दुसरीकडे देता आली.

सांकलियांच्या मोहिमा १९५०च्या दशकात महाराष्ट्रभर पसरल्या. गोदावरीकाठी नाशिकजवळ गंगापूर, संगमनेरजवळचे जोर्वे, प्रवरेकाठचे नेवासे. नेवासे म्हणजे मराठी माणसाच्या मनात ज्ञानेश्वरांचे गाव, पण त्याच गावाच्या मातीत आणि नदीकाठच्या थरांत अश्मयुगापर्यंतचा काळ दडला होता. नर्मदेकाठी महेश्वर-नावडातोलीला बडोद्याच्या विद्यापीठासह मोठे उत्खनन झाले. आता खापरांबरोबर जळलेले धान्य येऊ लागले, जनावरांची हाडे येऊ लागली आणि नेवाशाला एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली, तिच्यात धाग्याचा अंश शिल्लक होता.

मग पुण्याहून पुडकी रवाना होऊ लागली. धान्य गेले लखनौच्या बिरबल साहनी संस्थेत, पुरावनस्पतितज्ज्ञ विष्णु-मित्रे यांच्याकडे. जनावरांची हाडे लंडनच्या ज्युलिएट क्लटन-ब्रॉक यांच्याकडे. धागा मुंबईच्या माटुंग्यातल्या कापूस तंत्रज्ञान प्रयोगशाळेतले ए. एन. गुलाटी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात कापसाबरोबर रेशीमही ओळखले. या तिघांचे अहवाल १९६१ साली डेक्कन कॉलेजने एकत्र छापले. गिरणीच्या सुताची प्रत पारखणारा माणूस तीन हजार वर्षांपूर्वीच्या मुलाच्या गळ्यातल्या माळेबद्दल सांगतो, हा त्या लहानशा ग्रंथाचा सर्वांत आनंददायी भाग आहे.

तरी पुडके पाठवण्यात एक उणीव राहतेच. लखनौला बसलेल्या शास्त्रज्ञाला धान्य मिळते, पण ते चुलीजवळ सापडले की कणगीच्या तळाशी, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले नसते. आणि खणणाऱ्याला कोणती माती राखून ठेवायची हेच ठाऊक नसेल, तर अर्धे उत्तर मातीच्या ढिगाबरोबर फेकले जाते. म्हणून शास्त्रज्ञच मोहिमेवर हवा, आणि तो आपल्याच घरातला हवा, हे सांकलियांच्या पिढीला कळून चुकले. भूगर्भशास्त्र शिकलेले शरद राजगुरू नद्यांचे थर वाचू लागले. मुकुंद काजळे बियांवर काम करू लागले, पी. के. थॉमस जनावरांच्या हाडांवर, जी. एल. बदाम जीवाश्मांवर, सुभाष वाळिंबे मानवी सांगाड्यांवर. कला शाखेच्या छताखाली प्रयोगशाळा उभ्या राहिल्या.

या सगळ्यांची खरी शाळा भरली ती इनामगावात.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या या गावाची जुनी पांढर १९६८पासून १९८३पर्यंत, हंगामामागून हंगाम, खणली गेली. सांकलिया, मधुकर केशव ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी हे काम केले. इ. स. पू. १६००च्या सुमारास वसलेले आणि इ. स. पू. ७००च्या सुमारास उठलेले हे शेतकऱ्यांचे गाव. शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले, दोनशेहून अधिक दफने मिळाली. लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवून घराच्या जमिनीखाली पुरले जाई. मोठ्यांना पुरताना बहुधा घोट्याखालून पाय तोडत. एका प्रौढ पुरुषाला मात्र चार पायांच्या मोठ्या मातीच्या कुंभात बसवलेले होते आणि त्याचे पाय शाबूत होते. तो गावचा प्रमुख असावा, असा तर्क आहे. शेजारी धान्यकोठार होते, आणि नदीचे पाणी वळवायला बांधासह पाटही.

विद्यार्थ्यांसाठी इनामगावचे शिक्षण कष्टाचे होते. सकाळी थर खरवडायचे, खापरांना क्रमांक द्यायचे, रेखाटने करायची. माती पाण्यात कालवली की जळलेली बी वर तरंगते. ती अलगद उचलून वाळवायची. जव, गहू, मसूर, हुलगे, लाख, वाटाणा ओळखायला शिकायचे. संस्कृतात एम. ए. करून आलेला विद्यार्थी बैलाच्या आणि हरणाच्या हाडांतला फरक शिकत होता, आणि वनस्पतिशास्त्राचा पदवीधर खापरावरची नक्षी ओळखायला. कोळशाचे नमुने कालमापनासाठी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या कार्बन प्रयोगशाळेत गेले. एका खड्ड्याभोवती इतक्या विद्या जमल्या, कारण प्रश्न एकच होता: हे गाव का उठले?

उत्तरही अनेकांनी मिळून घडवले. शेवटच्या टप्प्यात प्रशस्त चौकोनी घरांची जागा लहान गोल झोपड्यांनी घेतलेली दिसली. जव कमी झाला, गुराढोरांऐवजी शेळ्यामेंढ्या आणि शिकारीची हाडे वाढली. इ. स. पू. १०००च्या सुमारास पाऊस घटला, शेती मोडली आणि लोक हळूहळू भटके झाले, असा निष्कर्ष ढवळीकरांनी मांडला. खापर, बी आणि हाड या तिन्हींची साक्ष जुळल्याखेरीज असे काही म्हणण्याची कोणाची छाती झाली नसती. मुख्य अहवाल १९८८ साली आला आणि मानवी सांगाड्यांचा वेगळा खंड अमेरिकेतील दंतमानवशास्त्रज्ञ जॉन लुकाक्स यांच्या सहभागाने तयार झाला.

ही परंपरा वाटते तितकी सुखाची नव्हती. मोहिमेनंतर अहवालाला वर्षे लागत, कारण दहा जणांचे लेखन दहा गतींनी होते. विज्ञानाची पदवी घेऊन पुरातत्त्वात शिरलेल्या तरुणापुढे पुढच्या नोकरीचा प्रश्न उभा राही. त्याला वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक मानायचे की इतिहासाचा? नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२०पासून बहुविद्याशाखीय शिक्षणाचा आग्रह धरला आहे आणि महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत विद्यार्थ्याला आता आपल्या शाखेबाहेरचे विषय घेता येतात. ते चांगलेच आहे. पण इनामगावची विद्या विषयांच्या यादीतून आली नव्हती. ती एका प्रश्नापाशी वर्षानुवर्षे एकत्र राहिलेल्या माणसांतून आली, आणि अशा सहवासासाठी विद्यापीठाने पैसा, वेळ आणि नोकऱ्या यांची तरतूद केली पाहिजे. श्रेयांक वाटून ती होत नाही.

इनामगावचे सांगाडे पुण्यात जपून ठेवले गेले, त्यामुळे पुढच्या संशोधकांना त्यांच्याकडे पुन्हा येता आले. अमेरिकेतील मानवशास्त्रज्ञ ग्वेन रॉबिन्स शुग यांनी मुलांच्या हाडांची वाढ तपासली. अखेरच्या काळात मुले खुरटलेली होती, हे त्यांच्या अभ्यासातून दिसले. मात्र अवर्षणाच्या जुन्या निष्कर्षावर त्यांनी २०११च्या पुस्तकात शंका घेतली आणि ऱ्हासामागे लोकांच्या शेतीच्या पद्धतीही असू शकतील, असे सुचवले. ज्या मापांवरून हा वाद उभा राहिला, त्यांतला बराच भाग त्या लहान मुलांच्या मांडीच्या हाडांचा आहे, आणि हा वाद सोडवायला आता पुरातत्त्वाबरोबर हवामानशास्त्रज्ञ आणि मृदाशास्त्रज्ञही लागतील.