वरंब्यांची साक्ष

आयर्लंडच्या पश्चिमेकडील ओसाड टेकड्यांवर बटाट्याचे जुने वरंबे आजही वळांसारखे दिसतात. समुद्रशेवाळाचे खत पसरावयाचे, त्यावर बियाणे मांडून दोन्ही बाजूंची माती उलटावयाची, ही तेथील रीत. १८४५ साली पिकावर रोग पडला. १८५२ पर्यंत सुमारे दहा लक्ष माणसे मेली, तितकीच देशांतरास गेली. मदतीचा कारभार लंडनच्या कोषागारातून पाहणारे ट्रेव्हेल्यन १८५९ मध्ये मद्रासचे गव्हर्नर झाले. त्यांचे खलिते दप्तरात राहिले. शंभर वर्षांनी, १९४५ मध्ये, आयरिश लोकसाहित्य आयोगाने खेडुतांच्या आठवणी टिपल्या, तेव्हा त्यांत निघाले ते गवत खाऊन हिरवे झालेले ओठ आणि तळ उघडणारी, पुनःपुन्हा वापरलेली शवपेटी. आम्हीही दप्तरेच सांभाळतो. आमची साक्ष मात्र गावेच देतील.