इंच एक, मापे अनेक

छपाईत अक्षरांचा आकार 'पॉइंट'मध्ये मोजतात. परंपरागत अमेरिकी छपाईत एका इंचात सुमारे ७२.२७ पॉइंट धरीत. अ‍ॅडोबीच्या १९८४ मधील 'पोस्टस्क्रिप्ट' भाषेने इंचाचे नेमके ७२ पॉइंट केले. वेबपानांची मांडणी ठरविणाऱ्या 'सीएसएस'मध्ये हेच माप असून, तेथे एक इंच म्हणजे ९६ पिक्सेल. त्यामुळे १२ पॉइंटचे अक्षर १६ पिक्सेलचे ठरते. हा पिक्सेल म्हणजे पडद्यावरील ठिपका नव्हे; ते केवळ ठरविलेले माप आहे.

'एसव्हीजी' या व्हेक्टर चित्रांच्या भाषेत आकड्यापुढे एकक नसले आणि 'व्ह्यूबॉक्स'ही दिलेला नसला, तर तो आकडा पिक्सेलचा मानतात. घोटाळा होतो तो येथेच. 'इंकस्केप' या चित्रे काढण्याच्या प्रणालीत पूर्वी इंचाचे ९० पिक्सेल होते; २०१७ मधील ०.९२ आवृत्तीपासून ते ९६ झाले. साहजिकच जुन्या हिशेबातील १६ सेंटिमीटरची रेघ नव्या हिशेबात १५ सेंटिमीटरच भरते. म्हणून छपाईसाठी वा यंत्रावरील कापणीसाठी आराखडा देताना रुंदी-उंची मिलिमीटरमध्ये लिहून व्ह्यूबॉक्सही द्यावा.